दहा किलोचे मास्तर

१९९८ साल. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरात माझा वजनकाटा होता. ट्रक रिकामा चढवायचा, मग भरून आणून पुन्हा चढवायचा, भरल्यातून रिकामं वजा केलं की मालाचं वजन. एवढाच धंदा. पण या एवढ्याशा धंद्यावर मी मान वर करून चाललो. शाळा माझी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही आणि येत नाही म्हणून माझं कधी अडलं नाही. आजूबाजूच्या गावांत कांद्याचा सौदा अडला की शेतकरीही म्हणायचा आणि व्यापारीही म्हणायचा, चला आबाच्या काट्यावर. दोघांनी एकाच माणसाचं नाव घ्यावं, हे काय कमी झालं?

अशा माझ्या काट्यावर एक माणूस आला आणि त्यानं मला जे धक्के दिले, ते आज इतक्या वर्षांनीही अंगात आहेत. त्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या पोरीचे सर. शनिवार पेठेत ते कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. सी नावाची एक भाषा शिकवायचे. भाषा म्हणजे बोलायची नव्हे, मशीनला कामं सांगायची. पोरगी बीएस्सी करत करत रोज बसनं तिथं जायची. सगळे त्यांना सर म्हणत. मी मास्तर म्हणालो आणि शेवटपर्यंत मास्तरच म्हणालो. पोरगी लाजेनं अर्धी व्हायची. मास्तर स्वतः एकदाच म्हणाले, "चालेल. खरं तेच म्हणताय."

ते आले कसे, ते सांगतो. माझा जुना दांडीचा काटा काढून मी इलेक्ट्रॉनिक बसवला. खोलीत एक पेटी आली, तिच्यावर लाल आकडे. त्या पेटीतून एक तार निघायची, ती कॉम्प्युटरला जोडायची, म्हणजे वजन आपोआप कागदावर छापून येणार. ते छापायचं कामकाज मशीनला कोणी तरी शिकवायला हवं होतं. पोरगी म्हणाली, "आबा, आमचे सर करतील."

मास्तर बसनं आले. गळ्यात मफलर, खिशात पेन, हातात स्टीलचा डबा. काट्याच्या लोखंडी पाट्यापाशी आले आणि थांबले. मला म्हणाले, "चपला काढायच्या का?"

ज्या पाट्यावर वीस-वीस टनांचे ट्रक चिखलाच्या टायरांनी चढतात, तिथं हा माणूस चपला काढायला निघालाय.

"अहो मास्तर, देऊळ हाय का हे?"

"मशीन आहे ना? मग विचारलेलं बरं."

पुढं खोलीत आले. लाल आकड्यांकडं बघत बसले. मग विचारलं, "यावर आपला विश्वास आहे?"

"हाय की. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"शिक्का पेटीवर आहे. पेटीपासून कागदापर्यंत मी असणार. माझ्यावर कोण शिक्का मारणार?"

"म्हंजे?"

"म्हणजे कोणीही नाही. जरा घाबरून राहा, आबासाहेब."

आबासाहेब हे ते मला पहिल्या दिवसापासून म्हणायचे. मानानं म्हणायचे की टोचून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी मानानं असं धरून चाललोय.

दुपारी मी म्हटलं, मास्तर, डबा उघडा, आमच्याकडचं कालवण घ्या. त्यांनी डबा उघडला. आत भाकरी नाही, पोळी नाही. काळ्या चौकोनी फ्लॉप्या, फडक्यात गुंडाळून, वर लोणच्याच्या जागी आणखी एक. धूळ लागू नये, वाकू नये म्हणून ते सगळं कामकाज डब्यात घेऊन फिरायचे. "आणि जेवण?" मी विचारलं. तर खांद्याच्या झोळीतून वर्तमानपत्रात बांधलेली पोळीभाजी निघाली, तीही एका बाजूला चेपलेली. जेवण चेपलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना एक खोड होती. समोर काहीही दिसलं, की विचारायचे, "हे नाव आहे की आकडा?"

मला पहिल्यांदा विचारलं ते रस्त्याच्या कडेला, बसची वाट बघताना. "आबासाहेब, समजा दोन बस एकापाठोपाठ आल्या. त्यांच्या नंबरांची बेरीज केली, तर त्या बेरजेच्या बसनं कुठं जाता येईल?"

"येडं का खुळं? न्हाई जाता येणार."

"मग तो आकडा नव्हे. नाव आहे. नावाला आकड्याचे कपडे घातलेत."

ट्रकची नंबरप्लेट, घराचा नंबर, टेलिफोन, सगळं नाव. त्यांच्या हिशेबी आकडा म्हणजे ज्याची बेरीज-वजाबाकी करून काही तरी अर्थ निघतो तो. बाकी सगळी अक्षरं. आणि ते म्हणायचे, जगातले निम्मे घोटाळे माणसं नावाला आकडा समजतात म्हणून होतात, आणि उरलेले निम्मे आकड्याला नाव समजतात म्हणून. मी विचारलं, "आन् चोऱ्या?" तर म्हणाले, "त्या प्रामाणिकपणे होतात."

टेलिफोनवरून आठवलं. हे पोरीनं घरी येऊन सांगितलेलं, हसून हसून तिला नीट सांगताही येईना. क्लासात एका साताऱ्याच्या पोरानं टेलिफोन नंबर साठवायचं काम केलं होतं. त्यानं नंबर आकडा म्हणून ठेवले. आकडा म्हणून ठेवला की मशीन परगावच्या नंबराचं पुढचं शून्य टाकून देतं, आपण नाही का, पाच लिहायचं तर शून्य पाच लिहीत नाही, तसं. मास्तरांनी विचारलं, शून्य कुठं गेलं? पोरगं म्हणालं, "सर, पुढच्या शून्याला किंमत नसते."

मास्तर उठले. त्याला हाताला धरून खाली पीसीओवर नेलं. सगळा क्लास मागोमाग. म्हणाले, "लावा आपल्या घरी. मशीननं ठेवलाय तसाच. शून्य न लावता."

पोरानं लावला. पुण्यातल्याच कोणा बाईंनी उचलला.

"आई आहेत का विचारा," मास्तर म्हणाले.

"सर..."

"विचारा."

"आई आहे का?" पोरानं विचारलं. पलीकडून त्या बाईंनी दुपारच्या झोपेचा उद्धार करून फोन आपटला, तो आवाज म्हणे बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

मास्तर म्हणाले, "शून्याला किंमत नव्हती ना? मग आई कुठं गेली?"

ते पोरगं पुढं अमेरिकेत गेलं. पोरगी सांगते, अजून म्हणे ते शून्य बघितलं की कान पकडतं.

त्या सुमाराला क्लासातली पोरं भराभरा बाहेर जात होती. सन दोन हजार यायचं होतं. जुन्या मशीनांत सालाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले, म्हणून जगभर माणसं हवी होती. मास्तरांनाही बोलावणं आलं, एकदा नाही, अनेकदा. ते गेले नाहीत. मी विचारलं, का? तर म्हणाले, "दोन अंक वाचवणाऱ्यांनीच निस्तरावं. मी कुठं वाचवले होते?" चांगलं चाललेल्या माणसानं आलेली लक्ष्मी अशी दारातून परत लावायची? मला त्यांचं ते वागणं पटलं नाही. आजही पटत नाही.

एकदा मी स्वतः त्यांच्या क्लासला गेलो. जिन्यावर चपलांचा ढीग. दारावर पाटी. मी अक्षर अक्षर लावून वाचली: 'चपला बाहेर. अंदाजही बाहेर.' आत पाऊल टाकलं तर थंडीनं अंगावर काटा. एसी होता, पण मशीनसाठी. पोरी स्वेटर घालून, मास्तर मफलर गुंडाळून. म्हटलं, यंत्राला गारवा आणि माणसाला हुडहुडी, हा कुठला न्याय?

माझ्या चपलांना आमच्या काट्याची लाल धूळ. एका पोरानं त्या पायानंच बाजूला सरकवल्या, बाकीच्यांपासून लांब. मला ते झोंबलं. मी परत फिरणार होतो. तेवढ्यात मास्तर बाहेर आले, त्यांनी बघितलं, आणि आपल्या चपला उचलून माझ्या शेजारी नेऊन ठेवल्या. मग मला म्हणाले, "या. अंदाज आणला असेल तर तोही इथंच ठेवा."

त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, की तुम्ही माझ्या काट्यावर नक्की केलंय तरी काय? दिवाळीपासून कागद छापून येतोय, लोक खूश आहेत, पण मला कळलं पाहिजे. काटा माझा आहे.

त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "आबासाहेब, पाटीवर गहू असं लिहिलं, तर ते दळून पीठ निघेल?"

"न्हाई."

"पेटीच्या तारेतून वजन येत नाही. वजनाची अक्षरं येतात. एक, नऊ, टिंब, नऊ, नऊ. ही पाच अक्षरं. ती दळता येत नाहीत, म्हणजे वजा करता येत नाहीत. आधी त्या अक्षरांचा आकडा करावा लागतो. मग भरल्यातून रिकामं वजा. मग आलेल्या आकड्याची पुन्हा अक्षरं, कारण कागदावर अक्षरंच छापता येतात. मी केलंय ते एवढंच. अक्षराचा आकडा, आकड्याची अक्षरं. जाणं आणि येणं."

"एवढ्यासाठी इतकी पोरं पैसे भरून शिकतात?"

"जाता-येताच माणसं हरवतात," ते म्हणाले.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मार्च महिना, कांद्याचे दिवस. दुपारची वेळ. काट्यावर ट्रकांची रांग. मी खोलीत बसून कागद फाडून ड्रायव्हरांच्या हातात देतोय. तेवढ्यात बस थांबली, आणि त्यातून मास्तर उतरले. मागं माझी पोरगी, धावत. मला वाटलं, पोरीला काही झालं. मग माझी नजर मास्तरांच्या पायांकडं गेली. अनवाणी. तापलेल्या डांबरावर शनिवार पेठेतला माणूस अनवाणी चालत येतोय. आणि उजव्या हातात खडूचा तुकडा, मुठीत आवळलेला.

"आबा, सरांचं काही ऐकू नका आधी, मी सांगते," पोरगी दम खात म्हणाली. मग तिनं सांगितलं, ते असं.

सकाळी क्लासात मास्तर नव्या पोरांना अक्षरांचा आकडा कसा करायचा ते शिकवत होते. त्यांनी फळ्यावर १९.९९ लिहिलं आणि माझ्या पोरीला म्हणाले, याला आकडा कर, शंभरानं गुण, टिंबाच्या पुढची शेपटी काप आणि किती येतं सांग. कोणीही सांगेल, १९९९. पोरीच्या पडद्यावर आलं १९९८. पोरं हसली. मास्तर म्हणाले, चुकलीस, पुन्हा कर. पुन्हा १९९८. मग ते स्वतः बसले. काही वजनं बरोबर यायची, काहींत एक कमी. मास्तर उठले, पडद्याकडं बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "काटा." एवढा एकच शब्द. आणि निघाले. "सर, चप्पल, सर, चप्पल," करत पोरगी बसपर्यंत पळाली. तिनं स्वतःच्या घातल्या, त्यांच्या राहिल्या.

मला अर्थ लागायला वेळ लागला. माझ्या काट्यावरही मास्तरांनी हीच रीत वापरली होती. माझ्या काट्यावर वजन टनात, आणि टिंबानंतर दोन घरं. शेवटच्या घरातला एक म्हणजे दहा किलो. पडद्यावर एक कमी म्हणजे कागदावर दहा किलो कमी.

"काही तरी बोलू नका," मी म्हणालो. "माझ्या काट्यावर? शक्य न्हाई."

मास्तर पेटीपाशी गेले. पोरीला म्हणाले, "लाल आकडे वाच." रांगेतला पहिला ट्रक चढला. पोरीनं लाल आकडा वाचला, कागद निघाला, तोच. मी म्हणालो, "बघा." दुसरा चढला. तोच. मी म्हणालो, "बघा, बघा." तिसरा चढला. पोरीनं वाचलं. कागद निघाला. मी कागद हातात घेतला, पेटीकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं.

दहा किलो कमी.

दिवाळीपासून! दिवाळीपासून हा कागद मी माझ्या हातानं फाडून देत होतो.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"मशीनला १९.९९ धरताच येत नाही. केसभर खालीच धरतं. एकोणीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव, आणि पुढं नऊ, नऊ, नऊ, न संपणारे. शेपटी कापली की वरचा एक गेला. एका भाकरीचे तीन सारखे वाटे दशांशात लिहायला घ्या, संपतं का लिहून?"

"भाकरी लिव्हायची कशाला? मोडायची."

"अगदी बरोबर," मास्तर म्हणाले. "मी लिहायला गेलो." आणि खुर्चीवर बसून काम करायला लागले.

मी चहा टाकायला सांगितला. चहाला उकळी येईपर्यंत त्यांचं काम झालं. केलं काय, तर टिंबच काढून टाकलं. अक्षरं आली की आधी टिंब वेचून बाजूला, मग उरलेल्या चार अक्षरांचा सरळ आकडा. शेपूटच नाही, तर कापणार काय? एवढंच. एवढ्याशा टिंबापायी माझा काटा दिवाळीपासून खोटं बोलत होता! पुन्हा ट्रक चढवले, एकामागून एक. सगळे बरोबर.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "झालं ना? बसा. चहा घ्या. कुणाला कळलंबी न्हाई."

मास्तर चहाला हात न लावता बाहेर गेले. फाटकाशी माझा काळा फळा होता, त्यावर काटा किती ते किती वाजेपर्यंत चालू, ते लिहिलेलं. त्यांनी ते मफलरनं पुसलं आणि मुठीतल्या खडूनं लिहिलं: 'दिवाळीपासून आजपर्यंत या काट्यावरच्या छापील वजनात दहा किलोंची चूक असू शकते. चूक माझी.' खाली स्वतःचं नाव आणि क्लासचा पत्ता.

मी पळत गेलो आणि टॉवेलनं पुसून काढलं. "मास्तर, डोकं फिरलंय का? दुरुस्त झालंय ना? मग बोंब कशाला?"

"पुढचं दुरुस्त झालंय. मागचं?"

त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. ड्रायव्हर लोक ट्रकातून उतरून तमाशा बघायला लागले. पोरगी मध्ये उभी, कोणाचा हात धरावा तिला कळेना.

इतक्यात तो कांद्याचा व्यापारी आला, ज्याचे बहुतेक ट्रक माझ्याकडंच चढायचे. पांढरे कपडे, तोंडात पान. फळ्यावरचं अर्धवट वाचलं आणि हसला. "काय आबा, नवीन नाटक?"

पोरीनं त्याला सगळं सांगितलं. तिला थांबवेपर्यंत सांगून मोकळी.

व्यापारी म्हणाला, "हात्तिच्या! दहा किलो? वीस टनांत दहा किलोनं काय व्हतंय? आन् भरल्या गाडीत गेलं तर शेतकऱ्याचं गेलं, रिकाम्या गाडीत गेलं तर माझं गेलं. फिट्टंफाट!"

मला त्याचं पटलं. खरं सांगतो, त्या घटकेला मला त्याचं फार पटलं.

मास्तर व्यापाऱ्याला म्हणाले, "आपलं फिटलं, हे आपण सांगू शकता. त्याचं फिटलं, हे त्याला विचारलंत?" मग इकडंतिकडं बघितलं. खोलीच्या दाराशी माझं जुनं दहा किलोचं लोखंडी माप दार अडवायला ठेवलेलं असायचं. ते मास्तरांनी दोन्ही हातांनी कसंबसं उचलून आणलं आणि व्यापाऱ्यापुढं धरलं. "दहा किलोनं काही होत नाही ना? मग हे एका हातात धरा, हात लांब करून. माझं लिहून होईपर्यंत."

"मला काय खुळ्यात काढताय व्हय?" व्यापारी मागं सरला. ड्रायव्हर हसले.

आता माझ्या काट्यावर, माझ्या फाटकात, माझंच माप, आणि कोणी उचलत नाही, हे मला बघवेना. मी म्हणालो, "द्या इकडं." आणि घेतलं. उजवा हात सरळ लांब केला. पोती उचलून वाढलेला माणूस मी. दहा किलो म्हणजे काय?

मास्तर फळ्याकडं वळले आणि लिहायला लागले. इतकं सावकाश मी कोणाला लिहिताना पाहिलेलं नाही. प्रत्येक वेलांटी वळवून, प्रत्येक काना ओढून. 'दिवाळीपासून' होईपर्यंत माझा खांदा तापला. 'काट्यावरच्या'पर्यंत कोपर थरथरायला लागलं. मी दात आवळले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. 'चूक असू शकते' लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे. पण मी हात खाली केला नाही. मेलो असतो, केला नसता.

त्यांनी पूर्णविराम दिला. वळले. म्हणाले, "ठेवा खाली, आबासाहेब. हे एका गाडीचं झालं."

व्यापाऱ्याचं पान तोंडातच राहिलं. मी माप खाली ठेवलं आणि माझा हात माझा राहिला नव्हता. मी फळा पुसायला गेलो नाही. पुसायला हात वर होतच नव्हता, म्हणून असेल.

मास्तर गेले. पोरीनं माझ्या जुन्या चपला त्यांच्या पायांपुढं ठेवल्या, त्या मोठ्या होत होत्या, तरी घालून फटक फटक करत बसमध्ये चढले.

संध्याकाळी घरी मी जेवलो नाही. रांगेतले निम्मे ट्रक न चढताच निघून गेले होते. पोरगी येऊन म्हणाली, "आबा, फळा पुसू नका बरं का."

"पुसला का मी?"

"नाही. पण उद्या पुसाल म्हणून."

व्यापारी घरी येऊन गेला. त्याला वाटलं, मला धीर द्यायला हवा. म्हणाला, "आबा, बरंच झालं की! मास्तरानं सोत्ताच लिव्हलंय, चूक माझी म्हणून. नाव लिव्हलंय, पत्ता लिव्हलाय. कुणी आलं तर द्या धाडून शनवार पेठंत. तुमी सुटला."

सुटला! त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. दिवसभर जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. मी त्याला म्हणालो, "काटा कुणाचा?"

"तुमचा."

"कागद कुणी फाडून दिला?"

"तुमी. पण..."

"मग माझ्या फाटकात येऊन, माझ्या फळ्यावर, दुसरा माणूस 'चूक माझी' लिव्हून जातो, आन् मी सुटलो? माझ्या काट्यावरची चूक न्यायला हा कोण शनवार पेठेतला?"

व्यापारी पोरीकडं बघायला लागला. पोरगी भिंतीकडं. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्याचं डोकं मास्तरांसारखंच झालं. चहा अर्धा टाकून गेला.

मास्तरांचा मला राग आला होता. आजही आहे. आधी माझ्या काट्याला खोटं पाडलं, आणि वर ते खोटंही स्वतःच्या नावावर करून घेऊन गेले. माणसाकडं काही ठेवायचं की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मारुतीच्या देवळात गेलो. आमच्या गावाचा स्पीकर तिथं. पाणी कधी येणार, कोणाची गाय हरवली, कोण वारलं, सगळं त्याच्यावरून. इतक्या सकाळी मला बघून पुजारी दचकला. "आबा, कोण गेलं?"

"कुणी न्हाई. माईक दे."

"मला सांगा, मी बोलतो. तुमाला सवय न्हाई."

"माझं मी बोलणार. सर बाजूला."

माईक हातात घेतला. उजवा हात अजून दुखत होता, म्हणून डाव्या हातात घेतला. जन्मात कधी सभेत उभा राहिलो नव्हतो. मी म्हणालो, "गावकरी मंडळी, मी काट्यावरचा आबा बोलतोय. दिवाळीपासून माझ्या काट्यावरच्या कागदात दहा-दहा किलोंची चूक झालेली हाय. कवा झाली, कवा न्हाई. काटा माझा हाय, म्हणून चूक माझी हाय. फळ्यावर दुसरं नाव लिव्हलंय, ते खरं न्हाई. ज्याला काय बोलायचं आसंल, त्यानं मला तोंडावर येऊन बोलावं. शनवार पेठंत कुणी जायचं न्हाई. मी दिसभर काट्यावर हाय."

माईक खाली ठेवला. वाटलं, संपलं एकदाचं.

पुजारी माझ्याकडं बघत उभा. हळूच म्हणाला, "आबा, बटण दाबलंच न्हवतं."

मी म्हणालो, "मग दाब."

त्यानं दाबलं. आणि मी सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.